सावळारामच्या फोटोला हार

भिंतीवरून कोण बोलतंय म्हणून दचकू नका. मी बोलतेय, फ्रेम. लाकडी अंग, कडेला सोनेरी पट्टी, पुढं काच, मागं पुठ्ठा. लोक माझ्याकडे बघतात तेव्हा खरं तर माझ्यातल्या फोटोकडे बघतात. पट्टीवरची नक्षी किती नाजूक आहे, हे आजवर एकानंही म्हटलेलं नाही. असो. मला माझं कौतुक सांगायचं नाही. माझ्यातल्या माणसाचं सांगायचंय, आणि त्याच्या नावानं एका दुपारी शिरूर ते दौंड जो घोळ झाला तो सांगायचाय.

माझा जन्म दौंडचा. स्टेशनकडून बाजारात शिरताना ज्ञानूचं फ्रेमचं दुकान लागतं, तिथं मी खिळ्याला टांगून होते. आम्हा फ्रेमांचं नशीब फोटोवर. देव मिळाला तर रोज उदबत्ती, पण धुरानं काच काळी पडते. लग्नाचा जोडा मिळाला तर थोडे दिवस मिरवायचं आणि घरात बाळ आलं की कपाटामागं जाऊन बसायचं. दौंड रेल्वेचं गाव, त्यामुळं निवृत्तीचे निरोपसमारंभही पुष्कळ यायचे. सगळ्यांत आम्ही भ्यायचो ते गेलेल्या माणसाच्या फोटोला. ते गिऱ्हाईक दारातच ओळखू यायचं. नक्षी बघायचं नाही, रंग बघायचं नाही, "लौकर पायजे" एवढंच म्हणायचं. असं कुणी आलं की आम्ही सगळ्या अंग चोरून घ्यायचो.

विठाबाई कोकरे आल्या त्या मात्र हसत आल्या.

"ज्ञानूभाऊ, चांगल्यातली चांगली फ्रेम दावा. आमच्या ह्यांचा फोटू शिरूरच्या कालेजात लागनार हाय."

"कालेजात? मंग ही सोनेरी पट्टीची न्या की."

फोटो भाच्याच्या लग्नातला होता. शेजारचा माणूस कापून काढला होता, तरी सावळारामच्या उजव्या खांद्यावर त्याचा पंजा उरलाच होता. "हा कुनाचा हात?" ज्ञानूनं विचारलं.

"इंद्रजीत भावजींचा. ऱ्हाऊ द्या त्यो, निघायचा न्हाई," विठाबाई म्हणाल्या. अशी मी एक अख्खा माणूस आणि दुसऱ्याचा हात घेऊन शिरूरला गेले.

सावळाराम कोकरे कोण, ते सांगते. धनगराचा मुलगा. वडिलांची मेंढरं दर साली कोकणाकडे उतरायची आणि परत यायची. त्या धनगरवाड्यावरून उठून कॉलेजात जाणारा त्यांच्यातला हा पहिलाच. पुढं दौंडला रेल्वेत लागला आणि ड्युटी सांभाळून गोष्टी लिहीत राहिला. दोन कथासंग्रह, एक कादंबरी, राज्याचा पुरस्कार. सगळं लिखाण आपल्या आईच्या बोलीत. इंद्रजीत पलांडे हा त्याचा कॉलेजातला जोडीदार. शिरूरचाच, बागायतदार घरचा, आणि नाटकाचं वेड डोक्यात शिरलेला. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बसवायचं. त्यांची धनगरवाड्यावरची एकांकिका पुण्याच्या स्पर्धेत पहिली आली, तेव्हा कॉलेजनं त्यांना बसस्टँडपासून वाजतगाजत आणलं होतं म्हणे.

कॉलेजनं सभागृहाच्या एका भिंतीवर कला आणि साहित्यात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावायचं ठरवलं. सावळाराम आला. त्याच एकांकिकेतली नटी राजनंदिनी आली, ती आता टीव्हीवर सासवा रंगवते. बडोद्याला असणारा एक शिल्पकार आला. एक ढोलकीपटू आले, ते आधीच वारले होते, म्हणून त्यांच्या फोटोला चंदनाचा हार होता. इंद्रजीत मात्र राहून गेला. मुद्दाम कुणी वगळला नव्हता. नाटक बसवणारा माणूस पडद्यामागं असतो, तो कुणाच्या लक्षातच आला नाही.

आणि सत्काराच्या दिवशी सावळारामची ओळख करून द्यायला नेमकं त्यालाच उभं केलं.

"सावळ्याची भाषा अशी, की पुण्याचे परीक्षक उठून गेले असते," इंद्रजीत माइकवर म्हणाला. "मी ती घासूनपुसून घेतली म्हणून आमचा नंबर आला. मी नसतो ना, तर हे लेखक महाशय आजबी मेंढरांमागं हाळ्या देत हिंडले असते!"

सभागृह खदखदून हसलं. मित्र मित्राची उडवतो तशीच ती थट्टा होती, पण तिच्या बुडाशी जळकेपणा होता. तो मला भिंतीवरून दिसला, तर सावळारामला समोरून दिसला नसेल का? त्यानं अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला. "चला, गाडी सुटंल," असं विठाबाईंना म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर त्यानं शिरूरला पाय ठेवला नाही. दिवाळी अंकवाले अधूनमधून कॉलेजात त्याचा पत्ता विचारायला यायचे. दौंडला जाऊन रिकाम्या हातानं परतायचे. "सध्या काही लिहीत नाही म्हणतात," असं प्राध्यापकांना सांगताना मी ऐकलंय. इंद्रजीत दर वर्षी कॉलेजच्या मुलांची नाटकं बसवायला यायचा. तालीम चालू असताना त्याची नजर माझ्याकडे वळायची आणि लगेच बाजूला व्हायची. त्याच्या मनात काय होतं ते सांगायला ज्योतिषी नको.

अशी कित्येक वर्षं गेली. काचेवर धूळ बसायची, वर्धापनदिनाला पुसली जायची.

आता आमच्याकडचा मानपान तुम्हाला ठाऊक असेलच. पत्रिकेत नाव खालच्या ओळीत आलं तरी माणसं जेवायला बसत नाहीत. मागच्या वर्षी वर्धापनदिनाला कुणाचा तरी पुतण्या येऊन भांडून गेला, आमच्या काकांचा फोटो खाली आणि दुसऱ्यांचा वर का म्हणून. सांस्कृतिक विभागाच्या तांबे सरांना तो विषय इतका झोंबला होता, की यंदा तयारी चालू असताना कुणीतरी नुसतं म्हणालं, "सर, एकट्या ढोलकीवाल्यांनाच हार दिसतोय," आणि सरांचा तोल गेला.

"मग सगळ्यांना घाला! एकाला मान आणि दुसऱ्याला नाही, असलं यंदा चालणार नाही. मला परत कुणाचं ऐकून घ्यायचं नाहीये."

शिपाई ज्योतिबा मामांनी मान डोलावली. साहेबानं सांगितलेलं करायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, असा त्यांचा नोकरीभरचा नियम. त्यांनी चंदनाचे हार आणले, स्टूल घेतलं आणि ओळीनं सगळ्यांना घालत आले. माझ्याही गळ्यात पडला. अहो, तो जिता आहे, दौंडला आहे, असं मी ओरडून सांगत होते. पण आमचं कुणाला ऐकू जातंय!

दुपारच्या आत हारासकट आमचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, "ज्येष्ठ कथाकार सावळाराम कोकरे यांना विनम्र अभिवादन." राजनंदिनीचाही तसाच फोटो फिरला, पण तिच्यासाठी कुणी हळहळलं नाही, कारण ती आदल्याच संध्याकाळी सुनेला घराबाहेर काढताना सगळ्यांना दिसली होती. सावळारामला मात्र लोकांनी तासाभरात पोचवलं. हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. लेखकाला कित्येक वर्षांत कुणी पाहिलाच नव्हता, मग तो गेला हे मानायला कुणाला जड जाणार?

इंद्रजीत आला तेव्हा कार्यक्रम आटोपून सभागृह रिकामं झालं होतं. शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. शेजारी राजनंदिनीच्या फोटोलाही हार होता, त्याच्या पलीकडे शिल्पकारालाही होता. पण रडणारा माणूस आजूबाजूला बघतो कुठं?

ज्योतिबा मामा झाडू टाकून धावले. "सर, काय झालं?"

"सावळ्या गेला, मामा."

"आरं देवा! कवा?" मामांना वाटलं, इंद्रजीत बातमी घेऊन आला. इंद्रजीतला वाटलं, बातमी कॉलेजातूनच निघालेली. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतली, आणि सावळाराम दुसऱ्यांदा मेला.

"येवढा मोठा फोटू त्यांच्या घरी नसल," मामा डोळे पुसत म्हणाले. "मानसं भेटाया येतील, दहाव्याला लागंल. ह्योच घिऊन जा तुमी." त्यांनी मला खाली उतरवलं आणि हारासकट इंद्रजीतच्या हातात दिलं. एक फोन लावला असता तर सगळं मिटलं असतं. पण गेलेल्या माणसाला फोन कोण लावतं? आणि विठाबाईंशी बोलायचं तोंड त्याला नव्हतं.

एसटीत मी त्याच्या मांडीवर होते. हार घातलेला फोटो बघून लोकांनी न सांगता जागा करून दिली. न्हावऱ्याला अनसाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई चढल्या आणि शेजारी टेकल्या. केडगावला लेकीकडे निघाल्या होत्या.

"कोन व्हतं, दादा? भाऊ का?"

"दोस्त."

"लई जीव व्हता वाटतं तुमचा."

इंद्रजीतनं माझी काच रुमालानं पुसली. खिडकीबाहेर उसाची शेतं मागं जात होती. मग ज्या बाईची ओळखदेख नाही तिला तो म्हणाला, "मावशी, मी ह्याला चारचौघात हसलो व्हतो. त्यानं तवापास्नं तोंड बघितलं न्हाई माजं. लिव्हायचंबी सोडलं."

"मंग माफी मागितली का न्हाई?"

"उद्या मागू, परवा मागू म्हनलं. ऱ्हाऊनच गेली."

अनसाबाईंनी उपदेश केला नाही. केडगाव येईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या आणि उतरताना माझ्या काचेला नमस्कार करून गेल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जित्या माणसाच्या नावानं मी नमस्कार घेतला होता. एकीकडे मी म्हणत होते, लवकर दौंड येऊ दे, तो समोर दिसू दे आणि हे सगळं संपू दे.

दौंडला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. सावळारामचं घर रुळांच्या पलीकडे, गल्लीच्या टोकाला. दारात माणसं नाहीत, चपला नाहीत. अंगणात विठाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. इंद्रजीतनं मला छातीशी धरलं होतं, तोंड बाहेरच्या बाजूला. त्यामुळं विठाबाईंना आधी नवऱ्याचा हार घातलेला फोटो दिसला आणि मग इंद्रजीतचं रडवेलं तोंड दिसलं.

"भावजी... ह्ये तर मंडईत गेल्यात. सायकलवर." त्या उठायला गेल्या आणि खालीच बसल्या. "दुपारधरनं आलं न्हाईत. रूळ वलांडू नका म्हनून रोज सांगते हो मी त्यास्नी! रोज सांगते!"

त्यांनी हंबरडा फोडला. इंद्रजीतला वाटलं, दुःखानं वहिनींना भ्रम झाला. विठाबाईंना वाटलं, रुळावर घात झाला आणि भावजी सांगायला आले. शेजारपाजारची माणसं धावत आली. खरं सांगते, तोपर्यंत सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं की सावळाराम जिता आहे. पण आता मीही घाबरले. हार घातला तेव्हा तो जिता होता. आत्ता आहे कशावरून? दुपारपासून बाहेर गेलेला म्हातारा माणूस, आणि दौंडसारख्या जंक्शनचे ते रूळ. काच तडकायची तेवढी राहिली होती माझी.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला.

"काय झालं वं? कोन गेलं?"

माणसं बाजूला झाली. सावळाराम उभा होता. एका हातानं सायकल ढकलत, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. त्यानं रडणारी बायको बघितली, इंद्रजीत बघितला, मग माझ्याकडे निरखून बघितलं.

"फोटू तर माझाच दिसतोय," तो म्हणाला.

इंद्रजीतनं मला खाटेवर ठेवलं आणि जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. मनगटं चाचपली, दंड चाचपले. "गरम हायेस रं," एवढंच तो म्हणाला. विठाबाई डोळे पुसत उठल्या आणि त्यांनी हातातली मेथीची जुडी नवऱ्याच्या खांद्यावर हाणली.

"कुटं उलथला व्हता सारी दुपार?"

"टायर बसलं. पंक्चरवाला जेवाया गेल्ता."

सगळी गल्ली हसली. मीही हसले असते, आमच्यात ती सोय असती तर. छातीवरून धोंडा उतरावा तसं झालं मला. मग कोणी काय पाहिलं आणि कोणी काय ऐकलं याची उजळणी झाली, शिरूरला फोन झाला, तांबे सरांचा उद्धार झाला, चहा झाला आणि माणसं आपापल्या घरी गेली.

खाटेवर दोघं म्हातारे उरले. आणि बघा गंमत, मेलेल्यासाठी धाय मोकलून रडलेला इंद्रजीत जित्यापुढं मुका झाला. बशीच्या कडेवरून बोट फिरवत बसला. एसटीत त्या बाईला जे सांगितलं, त्यातला एक शब्द तोंडातून निघेना. शेवटी उठला, म्हणाला, "येतो मग. गाडी हाय." माझा जीव परत टांगणीला लागला. आता गेला असता तर पुन्हा आला नसता.

"थांब," सावळाराम म्हणाला. "मयताला आला व्हतास ना? मंग दोन शब्द बोलल्याबिगर जात असत्यात व्हय?"

"तवा तू मेलेला व्हतास."

"आताबी हाय समज. हार हायेच." त्यानं मला उचललं, खुर्चीवर नीट उभं केलं आणि खाटेवर मांडी घालून बसला. "कर श्रद्धांजली. मी ऐकतो."

"आन् उदबत्ती लावायची न्हाई, सांगून ठिवते!" विठाबाई आतून ओरडल्या.

इंद्रजीत माझ्यासमोर उभा राहिला. सावळारामकडे त्यानं पाठ केली, म्हणून त्याला बोलता आलं. घसा खाकरून त्यानं आधी पुस्तकी सुरुवात केली, "आज आपल्यात नसलेले माझे स्नेही..." आणि थांबला. मग आपल्या भाषेत बोलायला लागला.

"ह्याची भाषा मी घासूनपुसून घेतली, असं मी जल्मभर सांगितलं. घेतली हे खरं हाय. राजनंदिनीकडनं मी घोकून घेतलं व्हतं, 'माझे बाळ तिथेच राहिले.' पन पुण्याला, स्टेजवर, ती माझं वाक्य इसरली. आन् तिच्या तोंडून ह्यानं लिव्हलेलं आलं. 'पोरगं तितंच ऱ्हायलं. मेंढरं म्होरं गेली, मंग मीबी गेले.' मी विंगेत हुबा व्हतो. म्होरल्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या व्हत्या. परीक्षकाचं पेन हालत न्हवतं. नंबर त्या वाक्याला मिळाला. ढाल मी उचलली, आन् कुनालाच सांगितलं न्हाई. ह्यालाबी न्हाई, ह्यो तवा भ्यानं भाईर जाऊन बसला व्हता. ह्यो लेखक व्हता आन् मी न्हवतो, ह्ये मला सोसलं न्हाई." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मेंढरांमागं असता तरी ह्यानं लिव्हलंच असतं. माझंच त्याच्याबिगर काई झालं नसतं. चुकलं माझं. ह्यो हयात असताना सांगाया पायजे व्हतं."

बाहेरून मालगाडी धडधडत गेली.

"हयात हाय की," सावळाराम पाठीमागून म्हणाला.

इंद्रजीत वळला. त्या दोघांनी एकमेकांना मिठी वगैरे मारली नाही, तशी सवय नव्हती त्यांना. शेजारी शेजारी बसले आणि बराच वेळ नाक ओढत राहिले. मग इंद्रजीतनंच माझ्या गळ्यातला हार काढला. विठाबाईंनी तो हातातून घेतला आणि सरळ बंबात घातला. "मयताहून आल्यावर आंगुळ करत्यात, भावजी. पानी तापाया लागलंय, करून घ्या." दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी परत शिरूरला गेले नाही. तांबे सर पेढे घेऊन माफी मागायला आले आणि फ्रेम परत मागू लागले, तेव्हा विठाबाई म्हणाल्या, "फ्रेम न्हाई मिळायची. बोलवायचं आसंल तर मानसाला बोलवा." सरांनी बोलावलं. सावळाराम गेला, मुलांशी दीड तास बोलला, आणि जाताना इंद्रजीतचा फोटो भिंतीवर लावल्याशिवाय पुन्हा येणार नाही असं सांगून आला. त्याच्या नव्या गोष्टीची पानं आता खाटेवर पसरलेली असतात. इंद्रजीत दर रविवारी येतो, मोठ्यानं वाचतो, एखादं वाक्य बदल म्हणून हट्ट धरतो, आणि हा बदलत नाही. दोघांची चांगली जुंपते. मी त्यांच्या डोक्यावर टांगलेली, सुखात आहे.

आता तुमची रजा घेते. तुमच्या ओळखीत कुणी लिहिणारं, गाणारं, नाटक करणारं असेल, तर त्याच्याविषयी जे मनात आहे ते त्याच्या घरी जाऊन सांगा. चांगलं असो, चुकलेलं असो. फोटोसमोर उभं राहून सांगू म्हणून ठेवून देऊ नका. आम्हा तसबिरींना सगळं ऐकू येतं हो, पण पुढं पोचवता येत नाही.